बारांतली एक खुर्ची

निवृत्त मुख्याध्यापकाचे काय करायचे हे आपल्या समाजाने फारसा विचार न करता ठरवून टाकले आहे. शाल-श्रीफळ द्यायचे, बक्षीस समारंभाला अध्यक्ष म्हणून बोलवायचे आणि निमंत्रणपत्रिकेत नावापुढे ‘ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ’ असे छापायचे. ५८ व्या वर्षी, म्हणजे अजून दृष्टी आणि स्मरणशक्ती दोन्ही शाबूत असताना, माणसाला शोभेच्या जागी बसवण्याची ही पद्धत सोयीची आहे. त्यात त्याचा मानही राहतो आणि त्याचा उपद्रवही होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मात्र या माणसासाठी एक खरी जागा ठेवली आहे, आणि ती इतकी लहान आहे की बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. महाराष्ट्रातल्या रचनेत समिती १२ ते १६ जणांची. बारांची धरली तर नऊ पालक, एक स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, एक शिक्षक, आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ. चालू मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव, तो या बारांबाहेरचा. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे. ज्याने तीस-पस्तीस वर्षे शाळा चालवली, त्याला शाळेच्या कारभारात बारांतली एक खुर्ची, आणि तीही अध्यक्षाची कधीच नाही. पुष्कळांना हा अनुभवाचा अपमान वाटतो. मला ही वाटणी बरोबर वाटते. ती का बरोबर आहे, हे एखाद्या स्थिरस्थावर गावापेक्षा तळोजासारख्या ठिकाणी जास्त स्पष्ट दिसते.

पनवेलजवळचे तळोजा हे एक गाव नाही. तळोजे पाचनंद आणि तळोजे मजकूर ही जुनी वस्ती, तिच्या आजूबाजूला पेंधर, रोहिंजण, घोट यांसारखी गावे, एका बाजूला रसायनांपासून मासळीप्रक्रियेपर्यंतचे कारखाने असलेली औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला सिडकोने आखलेले टप्पे आणि त्यांतले उंच मनोरे, आणि मधे राज्यभर माहीत असलेले मध्यवर्ती कारागृह. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावते आहे. या सगळ्या बदलात गावठाणातली प्राथमिक शाळा जागच्या जागी राहिली, पण तिचा मालक बदलत गेला. १९६२ पूर्वीची शाळा असेल तर ती ‘लोकल बोर्डाची शाळा’. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्हा स्कूल बोर्डाच्या ताब्यातली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ती कुलाबा जिल्हा परिषदेची झाली. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले आणि शिक्क्यावर रायगड आले. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि तळोजा शहरात गणले जाऊ लागले; शाळा मात्र जिल्हा परिषदेकडेच राहिल्या आणि त्या महापालिकेकडे सोपवायचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. याचा अर्थ काय झाला ते नीट पाहायला हवे. महापालिकेच्या हद्दीतला मतदार जिल्हा परिषदेला मत देत नाही. मूल ज्या संस्थेच्या शाळेत शिकते, त्या संस्थेवर आईबापांचे एकही मत नाही, अशी ती स्थिती. आणि ज्या महापालिकेला त्यांनी २०१७ मध्ये मत दिले, तिच्या पहिल्या नगरसेवकांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासक होता. साडेतीन वर्षे दार ठोठावायला नगरसेवकही नव्हता. कायद्यातल्या बारांपैकी जी खुर्ची लोकप्रतिनिधीची, तिच्यामागे या काळात लोकांनी निवडलेले कोणी नव्हतेच.

दुसरी गोष्ट पालकांची. समितीवर बसायचे तर मूल त्या शाळेत शिकत असले पाहिजे. मूल पाचवीत किंवा आठवीत गेले, शाळा सोडली, की सदस्यत्वाचा आधारच जातो. शिवाय दर दोन वर्षांनी समितीची पुनर्रचना होते. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहणाऱ्या कुटुंबांत याने काही बिघडत नाही, कारण थोरला बाहेर पडतो तेव्हा धाकटा आत आलेला असतो आणि काकाचे, आत्याचे मूलही तिथेच असते. मुंबईच्या परिघातल्या गावठाणांत हे चक्र तुटले आहे. जमिनीच्या मोबदल्यावर किंवा नोकरीवर थोडे सावरलेले गावकरी कुटुंब मुलाला इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवते. गावच्या शाळेत येतात ती कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची, बांधकामावरच्या मजुरांची, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची मुले. कायदा म्हणतो, शाळेवर हक्क ज्यांची मुले तिथे आहेत त्यांचा. हे तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा की ज्या गावाच्या जागेवर शाळा उभी आहे, ज्याने श्रमदानाने किंवा वर्गणीने तिच्या खोल्या वाढवल्या, त्या गावाचा शाळेशी असलेला कायदेशीर संबंध संपतो. आणि ज्यांच्या हाती समिती आली, ते दोन-तीन वर्षांत काम मिळेल तिकडे निघून जातात. समितीला आठवण उरत नाही. कुठली खोली कोणत्या योजनेतून बांधली, कुंपणाबाहेरची मोकळी जागा शाळेच्या नावावर आहे की नुसती वापरात, गेल्या समितीने कोणता अर्ज कुठल्या कार्यालयात टाकला आणि त्याचे पुढे काय झाले, हे सांगणारे कोणी नसते. मुख्याध्यापकाचीही बदली होते. अशा ठिकाणी गावात राहिलेला निवृत्त मुख्याध्यापक ही एकमेव अशी व्यक्ती असते जिला मूल शाळेत नसतानाही कायदा आत येऊ देतो. त्याची खुर्ची खरे तर आठवणीची आहे.

आठवण म्हणजे गोड आठवणी नव्हेत. त्या सत्कारात सांगाव्यात. इथे हवी ती कागदांची आठवण. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या या पट्ट्यात लोकांना कागद वाचता येत नाही असे कोणी म्हणू नये. मोबदल्यासाठीच्या १९८४ च्या जासईच्या आंदोलनानंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळवताना इथल्या शेतकऱ्यांनी सातबारा, फेरफार, वारसनोंद यांचा असा अभ्यास केला की एखाद्या वकिलाने शिकवणी लावावी. शाळेचे कागद मात्र कोणी त्या नजरेने वाचले नाहीत, कारण त्यांतून कोणाच्या नावावर काही होत नव्हते. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो तीन वर्षांचा, त्यात वर्षावर्षाचे उपआराखडे, आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार. त्यात पहिली गोष्ट लिहायची ती दर वर्षी कोणत्या इयत्तेत किती मुले येतील याचा अंदाज. ज्या गावात दर वर्षी तीच घरे तोच पाळणा हलवतात तिथे हे सोपे आहे. तळोजात सिडकोच्या एका लॉटरीनंतर शेकडो घरांचा ताबा एकदम दिला जातो आणि एखादा कारखाना बंद पडला की चाळीच्या चाळी रिकाम्या होतात. तिथे हा अंदाज करणे म्हणजे अंगणवाड्यांच्या याद्या, पोलिओच्या डोसांच्या नोंदी, ताबा मिळालेल्या इमारती आणि बांधकामांवरच्या झोपड्या एकत्र धरून बसणे. हे डोके मुख्याध्यापकाकडे असते. त्याने ते आयुष्यभर शिक्षक वाचवण्यासाठी वापरलेले असते.

शिक्षक वाचवण्यासाठी, हे शब्द जाणूनबुजून वापरले. किती शिक्षक मिळणार हे संचमान्यता ठरवते आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. कायद्यातले प्रमाण पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. पावसाळा संपला, दिवाळी झाली की बांधकामे जोर धरतात आणि मजुरांची कुटुंबे येतात. त्यांची मुले वर्गात बसतात, पण त्या वर्षीच्या शिक्षकांच्या हिशोबात नसतात. पालकाला हे ठाऊक नसते. त्याला एवढेच दिसते की वर्गात मुले खूप आणि बाई एकच. तो बाईंवर रागावतो. चालू मुख्याध्यापकाला कारण ठाऊक असते, पण तो त्याच यंत्रणेचा नोकर आहे, उघडपणे सांगायला कचरतो. निवृत्ताला ही अडचण नाही. त्याची वेतनश्रेणी ठरून गेली, बदली आता व्हायची नाही. समितीच्या वतीने त्याने एक साधे पत्र लिहावे, की आमच्याकडे ३० सप्टेंबरला इतकी मुले होती आणि जानेवारीत इतकी आहेत, सोबत हजेरीची प्रत. आणि नऊ पालकांनी त्यावर सह्या कराव्यात. असे पत्र गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर गेले तर लगेच शिक्षक मिळेल असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी तेच पत्र नव्या आकड्यांसह पुन्हा गेले, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा, तर ते फाइलमध्ये दडपणे अवघड होत जाते. एवढी चिकाटी फक्त आठवण असलेल्या माणसाकडून होते.

अनुदानाचेही तसेच. समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते: तीसपर्यंत मुले असतील तर दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस, अडीचशेपर्यंत पन्नास, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार आणि त्यापुढे एक लाख, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. रक्कम मोठी नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण ती कुठे गेली हे पाहण्याचा अधिकार समितीला कायद्यानेच दिलेला आहे, आणि वर्षात एकदा तरी एखाद्या पालक आईने, जी दिवसभर मासळी सोलण्याच्या कारखान्यात उभी असते, खर्चाच्या वहीतला आकडा वाचून ‘हे बिल कशाचे?’ असे विचारले, तर मला ती लोकशाहीची खरी पायरी वाटते. तो प्रश्न तिने विचारायचा आहे. सरांनी बाजूला बसून कुठल्या पानावर काय लिहिलेले असते तेवढे आधी दाखवून ठेवायचे आहे. सरांनीच विचारला तर तो दोन मुख्याध्यापकांतला वाद होतो, आणि तो लगेच मिटतो.

स्थलांतरितांच्या मुलांच्या प्रवेशात हे आणखी ठसठशीत होते. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही असे कलम ५ सांगते, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही असे कलम १४ सांगते. तरीही ‘आधी दाखला आणा’ हे वाक्य शाळांच्या दारात ऐकू येतेच. कायदा माहीत असलेला कार्यकर्ता यावर मुख्याध्यापकाला दोष देईल. निवृत्त मुख्याध्यापकाला दुसरी बाजूही माहीत असते: ऑनलाइन नोंदीत जुन्या शाळेने मूल सोडले नाही तर नव्या शाळेत त्याचे नाव चढत नाही, नाव चढले नाही तर ते मूल कागदावर नाही, आणि कागदावर नसलेल्या मुलाच्या आहाराचा, पुस्तकांचा हिशोब मुख्याध्यापकाच्या अंगावर येतो. दोन्ही बाजू ठाऊक असलेला माणूस समितीत असेल तर मूल वर्गात बसते आणि नोंदीचा पाठपुरावा मागाहून होतो. नसेल तर बाप तीन वेळा येतो आणि चौथ्या वेळी मुलाला साइटवर घेऊन जातो.

इथे कोणी म्हणेल, मग एवढी जाण असलेल्या माणसाला एकच खुर्ची का? त्यालाच अध्यक्ष करा, निवृत्तांचे एक मंडळ नेमा, पालकांना विचारायचे तेवढे विचारा. हा युक्तिवाद नवा नाही आणि त्याच्या मागे इतिहास आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवल्या. पुढे या बोर्डांतल्या नेमणुका आणि बदल्या राजकारणाच्या झाल्याच्या तक्रारी आल्या. १९२९ च्या हार्टोग समितीने स्थानिक संस्थांना दिलेल्या अधिकारांवर बोट ठेवले. आणि १९३८ मध्ये, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, कायदा दुरुस्त करून सरकारने लगाम पुन्हा हाती घेतला, सरकारनियुक्त प्रशासकीय अधिकारी आला. १९४७ चा कायदा त्याच वाटेने पुढे गेला. यातून तज्ज्ञांच्या बाजूने निष्कर्ष काढणे मोहाचे आहे: सामान्य माणसाच्या हाती शाळा दिली की तो मास्तरांच्या बदल्या करत बसतो. पण त्या बोर्डांकडे अख्ख्या जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या नोकऱ्या होत्या. आजच्या शाळा समितीकडे एका शिपायाचीही बदली नाही. मोहाचे मूळच तिथे कापलेले आहे. आणि अधिकारी आल्याने जे साधले त्याची किंमतही मोजली गेली. शाळा ‘सरकारी’ झाली, म्हणजे तिच्या गळक्या छपराची काळजी सरकारने करायची, गावाने नव्हे, हे मनात पक्के बसले. शिक्षण हक्क कायदा ही त्या सवयीवरची दुरुस्ती आहे. तिच्या मध्यभागी पुन्हा एक अधिकारी, फक्त पेन्शनवरचा, आणून बसवायचा असेल तर दुरुस्ती कशाला केली?

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडते. अमेरिकेत शिकागो शहरासाठी १९८८ मध्ये झालेल्या कायद्याने जवळजवळ प्रत्येक सरकारी शाळेला स्वतःची स्थानिक परिषद दिली. तिच्यात सुरुवातीला सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. या परिषदेला आपल्या समितीपेक्षा कितीतरी जास्त अधिकार: मुख्याध्यापकाची निवड तीच करते, चार वर्षांच्या कराराने. १९९५ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळावर महापौरांचे नियंत्रण आले, तरी या परिषदा टिकल्या. सगळ्या चांगल्या चालल्या असे नव्हे. काही जिवंत, काही भांडखोर, काही निव्वळ कागदावर. पण लक्षात घेण्याजोगे हे की तिथेही निवृत्त शिक्षकाला, मुख्याध्यापकाला शिरायला वाट आहे ती त्या दोन रहिवाशांच्या जागांची. इतकी मोठी सत्ता देतानाही त्यांनी बहुमत पालकांकडेच ठेवले, आणि अकरांतल्या तीनच जागा शाळेत काम करणाऱ्यांना दिल्या. शिक्षणाचे जाणकार त्यांच्याकडे कमी होते म्हणून नव्हे. जाणकाराचे मत ऐकले जातेच, त्याला संख्येची गरज नसते. अजाणाचे मत संख्येशिवाय ऐकलेच जात नाही, हे त्यांना कळले होते.

यापेक्षा गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो आपल्या मातीतला आहे. सर खोलीत आले की बाकीचे बोलायचे थांबतात. अध्यक्ष कदाचित त्यांचाच विद्यार्थी असतो, ज्याने त्यांच्या हातची छडी खाल्लेली असते. त्याला सरांच्या शेजारच्या खुर्चीत टेकून बसतानाही संकोच होतो. बाहेरून आलेल्या पालकाला तर सरांची भाषाच दरारा वाटते. अशा बैठकीत एक मत असलेला माणूस बाराही मते घेऊन जातो आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. तो खराच आहे. पण त्यावरचा इलाज त्याला बाहेर ठेवणे हा नाही, त्याच्यावर रीत घालणे हा आहे. त्याने शेवटी बोलावे. इतिवृत्ताची वही त्याच्या हाती नसावी. पालकाने मांडलेले त्याने ‘म्हणजे यांना असे म्हणायचे आहे’ असे म्हणून शुद्ध करून सांगू नये. आणि दोन वर्षांनी उठावे. फार तर मध्ये एक मुदत सोडून परत यावे. यातले काहीही शासन निर्णयात नाही आणि असूही नये. शिक्षकी पेशात एवढी शिस्त माणसाला स्वतःहून येत नाही, हे कबूल. वर्गात पहिले आणि शेवटचे वाक्य आपलेच असते. म्हणून तर पालकांच्या बहुमताचे कुंपण हवे. गाव चालवायला वैद्य लागतो म्हणून कोणी वैद्याला पाटील करत नाही.

तो आपल्याच बिरादरीला पाठीशी घालेल, ही शंकाही रास्त आहे. खाजगी शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांत जी शालेय समिती आहे, तिच्यात व्यवस्थापनाचे चार प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेने पाळीपाळीने येणारा एक कायम शिक्षक आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक. पालक एकही नाही. अशा टेबलाभोवती ज्याची कारकीर्द गेली, त्याला पालक हा समजूत घालून परत पाठवण्याचा माणूस वाटत आलेला असतो. जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापकाला पालक समिती ठाऊक असते, पण अनेकदा तीही अशी की बैठक न घेता वही सह्यांसाठी घरोघर फिरली आणि महिन्याला एक बैठक झाल्याचे सिद्ध झाले. आता हाच माणूस त्या वहीच्या पलीकडे बसला तर काय करील? काही जण गप्प बसतील. पण वही कशी फिरते हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याच्यासमोर ती फिरवताना चालू मुख्याध्यापकाचा हात थोडा तरी अडखळेल. चोरवाटा ठाऊक असलेला पहारेकरी भरवशाचा नसला तरी पूर्ण निरुपयोगी नसतो. आणि त्याच्याभोवती नऊ पालक आहेत, एवढ्याने मला तूर्त पुरते.

राहिला वेळेचा मुद्दा. पालक पाळ्यांत काम करतात, घरकामाला जातात, रजा म्हणजे रोज बुडणे. निवृत्ताला वेळच वेळ. त्यामुळे सगळी कामे हळूहळू त्याच्याकडे सरकतात आणि वर्षभरात समिती म्हणजे तोच, असे होते. याला तोही पूर्ण दोषी नसतो. बैठक दुपारी दोनला ठेवली की नऊपैकी दोन पालक येणार हे कॅलेंडर पाहून सांगता येते. औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या शाळेने बैठक साप्ताहिक सुटीच्या दिवशी किंवा पाळी सुटल्यावर ठेवली पाहिजे, आणि तेव्हा शिक्षकांना थांबावे लागेल याची भरपाईही केली पाहिजे. इथल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, ते रहिवाशांनी पाठपुरावा केल्यामुळे. म्हणजे इथल्या लोकांना सार्वजनिक कामाला वेळ नसतो हे खरे नाही. काम आपले आहे असे वाटावे लागते, आणि आपल्याविना ते होत असेल तर तसे वाटत नाही.

आता एक उणीव, जी तळोजात दिवसेंदिवस मोठी होत आहे. वर सांगितलेले सगळे विनाअनुदानित खाजगी शाळांना लागू नाही. कलम २१ त्यांना वगळते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतही समिती केवळ सल्ला देण्यापुरती उरली. नव्या वस्तीतली बहुसंख्य मध्यमवर्गीय मुले ज्या शाळांत जातात, तिथे पालकांचा कायदेशीर आवाज येतो तो २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यातल्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून. तिचे पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, हे मला आवडते. त्यात वशिला चालत नाही. पण तिची अध्यक्ष शाळेची मुख्याध्यापिकाच असते, आणि संस्थेने मांडलेल्या शुल्कवाढीच्या ताळेबंदासमोर चिठ्ठीने आलेले पालक बसतात. त्यांच्या बाजूला ताळेबंद वाचू शकणारा, शाळा आतून पाहिलेला, पण त्या संस्थेचा मिंधा नसलेला माणूस कोणी नाही. सरकारी शाळेतल्या पालकाला कायद्याने जी मदत दिली, ती लाखभर शुल्क भरणाऱ्या पालकाला नाही. तिथेही अशी एक जागा हवी, मताचा अधिकार नसलेली चालेल. आणि ती व्यवस्थापनाने नव्हे, पालकांनी भरलेली हवी.

ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण सरकारी शाळांत ती आजही कागदावर आहे आणि सर्वांत जास्त तिचाच विसर पडतो. शिक्षणतज्ज्ञाची जागा केंद्रप्रमुख भरत नाही, नगरसेवक भरत नाही, चालू मुख्याध्यापकही भरत नाही. स्थानिक प्राधिकरण आपला प्रतिनिधी देते, शिक्षक आपला देतात, आणि शिक्षणतज्ज्ञ पालकांनी निवडायचा असतो. प्रत्यक्षात ती जागा एखाद्या पक्षाच्या कार्यकर्त्याला सोयीची म्हणून दिली जाते किंवा कोणाचे तरी नाव न विचारता घातले जाते. तुमच्या जवळच्या महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि समितीच्या सदस्यांची यादी मागा. शिक्षणतज्ज्ञ या शब्दापुढे कोणाचे नाव आहे ते पाहा, त्या व्यक्तीला आपण समितीवर आहोत हे ठाऊक आहे का ते विचारा, आणि तुमचे मूल त्या शाळेत असेल तर पुढच्या पालकसभेत, समितीची पुनर्रचना होईल त्या दिवशी, गावातल्या एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेचे नाव हात वर करून सुचवा.